सोरायसिस : रक्तातले सरपण, घशातली ठिणगी

सोरायसिस झालेल्या माणसाला आयुष्यभर दोन प्रश्न ऐकावे लागतात. पहिला प्रश्न परकी माणसे विचारतात, किंवा न विचारताच मनात धरतात : 'हे लागण होणारे आहे का?' सलूनमध्ये त्याच्यासाठी वेगळा टॉवेल निघतो, एसटीत शेजारचा माणूस जरा सरकून बसतो, पोहण्याच्या तलावावर डॉक्टरांची चिठ्ठी मागितली जाते. दुसरा प्रश्न आपली माणसे विचारतात, विशेषतः लग्नाची बोलणी सुरू झाली की : 'हे घराण्यात आहे का? पुढे मुलांना होईल का?' पहिल्या प्रश्नाला डॉक्टर 'नाही' म्हणतात, दुसऱ्याला 'होऊ शकते' म्हणतात. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. पण ती इतकी थोडक्यात दिली जातात की ऐकणाऱ्याचे समाधान होत नाही, आणि संशय तसाच राहतो.

मी डॉक्टर नाही. जुन्या औषधांचा इतिहास शोधणे हा माझा अनेक वर्षांचा नाद आहे, आणि सोरायसिसकडे मी गोव्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका भुकटीच्या वाटेने आलो. तिची हकीकत पुढे येईलच. या वाचनातून जे हाती लागले ते एका वाक्यात असे सांगता येईल : हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही, तरी तो पेटतो तो पुष्कळदा संसर्गामुळे; आणि तो रक्तातून येतो, तरी ज्यांच्या रक्तात तो आहे त्यांच्यापैकी बहुतेकांना तो कधीच होत नाही. या वाक्यातले दोन 'तरी' उलगडणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. उपचारांची सगळी कथा त्या दोन शब्दांभोवती फिरते.

नावाने घातलेला घोळ

आपल्याकडे आयुर्वेदात 'कुष्ठ' हा शब्द फार व्यापक अर्थाने येतो. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांतल्या एककुष्ठाचे वर्णन माशाच्या खवल्यांसारखी दिसणारी त्वचा असे आहे, आणि आजचे बरेच वैद्य सोरायसिसला याच नावाखाली घेतात. काही जण किटिभाकडे बोट दाखवतात. मराठीत सोरायसिससाठी 'विचर्चिका' हा शब्दही रूढ झाला. म्हणजे मूळ ग्रंथात 'कुष्ठ' हे त्वचारोगांच्या एका मोठ्या कुटुंबाचे आडनाव होते. काळाच्या ओघात ते आडनाव एकाच सदस्याला चिकटले, आणि आजच्या मराठीत कुष्ठरोग म्हणजे महारोग, दुसरे काही नाही. त्यातच सुश्रुताने कुष्ठाची गणना एकापासून दुसऱ्याला होणाऱ्या रोगांत केलेली आहे. आडनाव एक असल्यामुळे एकाचा ठपका साऱ्या कुटुंबावर बसला.

युरोपात नेमके हेच ग्रीक शब्दांच्या बाबतीत घडले. 'लेप्रा' म्हणजे खवले सुटणे, 'सोरा' म्हणजे खाज. लंडनचे डॉक्टर रॉबर्ट विलन यांनी १८०८ च्या आपल्या ग्रंथात त्वचारोगांची शिस्तशीर मांडणी केली, पण आज आपण ज्याला सोरायसिस म्हणतो त्याचा मोठा भाग त्यांनी 'लेप्रा' या नावाखालीच ठेवला. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये ही गाठ सोडवली आणि सोरायसिस हा स्वतंत्र रोग ठरवला. महारोगाचा जिवाणू हॅन्सन यांना दिसला तो १८७३ साली, म्हणजे त्यानंतर बत्तीस वर्षांनी. तोवर खवले सुटणाऱ्या किती माणसांना महारोगी ठरवून गावाबाहेर काढले गेले असेल, याची नोंद कुठेही नाही.

नावे वेगळी झाली, पण ओशाळलेपण गेले नाही. अमेरिकन कादंबरीकार जॉन अपडाइक यांना लहानपणापासून सोरायसिस होता. १९७६ साली त्यांनी याच आजाराच्या माणसावर कथा लिहिली, तेव्हा शीर्षकात शब्द घातला तो 'लेपर', म्हणजे महारोगी. जागतिक आरोग्य सभेने २०१४ साली सोरायसिसविषयी ठराव केला, त्यातही या आजाराच्या लोकांना सोसाव्या लागणाऱ्या भेदभावाचा उल्लेख करावा लागला.

चार दिवसांत महिन्याचे काम

आपल्या त्वचेच्या तळाशी रोज नव्या पेशी जन्माला येतात, हळूहळू वर सरकतात, कडक होतात आणि शेवटी नकळत झडून जातात. या प्रवासाला निरोगी त्वचेत साधारण महिनाभर लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात तोच प्रवास तीन-चार दिवसांत उरकला जातो. पेशी अर्ध्याकच्च्या अवस्थेतच वर येतात, एकमेकींना चिकटून थर करतात, आणि चांदीसारखी चकाकणारी पांढरी खपली दिसते. खपली खरवडली तर खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात, कारण वाढलेल्या रक्तवाहिन्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेल्या असतात.

ही घाई त्वचेच्या पेशी स्वतःहून करत नाहीत. त्यांना घाई करायला लावणारे हुकूम रोगप्रतिकारक यंत्रणेकडून येतात. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्वचेत जमा होतात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-२३, इंटरल्यूकिन-१७ अशा निरोप्या रेणूंमार्फत 'हल्ला झाला आहे, भिंत जाड करा' असा संदेश देत राहतात. हल्ला मात्र कुठेच नसतो, किंवा होऊन गेलेला असतो. हे हुकूम त्वचेपुरतेच थांबतात असेही नाही. बऱ्याच रुग्णांचे सांधे धरतात, नखांवर खड्डे पडतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून याला 'नुसता कातडीचा आजार' म्हणणे चुकीचे आहे.

घराण्याचा धागा

आनुवंशिकतेचा पहिला भक्कम पुरावा उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरून आला. ही बेटे डेन्मार्कच्या अखत्यारीत आहेत. लोकसंख्या थोडी, येणेजाणे कमी, घराणी एकमेकांना ठाऊक. गुन्नार लोमहोल्ट या डॅनिश डॉक्टरांनी तिथल्या जवळपास ११ हजार माणसांची तपासणी केली. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधात सोरायसिसचे प्रमाण २.८ टक्के निघाले, आणि रुग्णांच्या नातेवाइकांत ते बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त होते.

पण कुटुंबात एकत्र आढळणे म्हणजे रक्तातून येणेच असे नाही. एकाच घरात माणसे एकच अन्न खातात आणि एकच हवा घेतात. म्हणून जुळ्या भावंडांचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. एकाच बीजापासून झालेल्या हुबेहूब जुळ्यांत एकाला सोरायसिस असेल तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत ३५ ते ७३ टक्के आढळले. दोन बीजांच्या जुळ्यांत ते १२ ते २० टक्क्यांच्या आसपास होते. पहिला आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट आहे, म्हणजे जनुकांचा हात नक्की. पण तो शंभर नाही. अक्षरशः तेच जनुक घेऊन जन्मलेल्या दोन भावंडांपैकी एक निरोगी राहू शकते. एका जर्मन पाहणीनुसार आईवडिलांपैकी एकाला सोरायसिस असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे १४ टक्के, दोघांना असेल तर सुमारे ४१ टक्के. याचाच अर्थ, दोघांना असला तरी निम्म्याहून अधिक मुले सुटतात.

हा वारसा नेमका कुठे आहे? १९७२ साली पहिला दुवा सापडला तो एचएलए या प्रथिनांच्या गटात. मूत्रपिंडाच्या रोपणाआधी 'मॅचिंग' करतात ते याच प्रथिनांचे. त्यांचे काम तबकासारखे असते. प्रत्येक पेशी आपल्या आत काय चालले आहे त्याचे छोटे छोटे नमुने या तबकात ठेवून दाराशी मांडते, आणि गस्तीवरच्या टी-पेशी ते पाहून जातात. ओळखीचा नमुना असेल तर पुढे जातात, परका वाटला तर हल्ला करतात. तबकाचा आकार माणसागणिक वेगळा असतो, आणि कोणता नमुना तबकात नीट बसेल हे त्या आकारावर ठरते. १९८० साली फिनलंडमधल्या संशोधकांनी दाखवले की सोरायसिसशी सर्वांत घट्ट नाते 'सीडब्ल्यू६' या तबकाचे आहे. आजच्या भाषेत त्याला एचएलए-सी*०६:०२ म्हणतात. ते सहाव्या गुणसूत्रावर आहे, आणि भारतीय रुग्णांच्या अभ्यासांतही हा दुवा खरा ठरला आहे.

१९८५ साली कील येथील हेन्सेलर आणि क्रिस्टोफर्स यांनी यात आणखी एक रेघ ओढली. चाळिशीच्या आत सुरू होणारा सोरायसिस घराण्यात जास्त दिसतो आणि सीडब्ल्यू६ शी जास्त जोडलेला असतो. त्यानंतर सुरू होणाऱ्यात हे दोन्ही धागे क्षीण असतात. पुढे सबंध जनुकसंच तपासण्याची सोय झाली, आणि सोरायसिसचा धोका थोडा थोडा वाढवणाऱ्या साठाहून अधिक जागा सापडल्या. त्यांतल्या पुष्कळ जागा त्याच इंटरल्यूकिन-२३ आणि १७ च्या निरोपव्यवस्थेतल्या आहेत.

आता पहिला 'तरी' : सीडब्ल्यू६ असलेल्या माणसांपैकी सुमारे दहा टक्क्यांनाच सोरायसिस होतो. उरलेले नव्वद टक्के तेच तबक घेऊन आयुष्य काढतात. सरपण घरात भरलेले असते, पण म्हणून घर पेटत नाही. त्यासाठी ठिणगी लागते.

घशातली ठिणगी

सोरायसिसचा एक प्रकार मुलांत आणि तरुणांत एकाएकी उमटतो. अंगभर, विशेषतः पाठपोटावर, पावसाच्या थेंबांएवढे लाल ठिपके येतात. थेंबाला लॅटिनमध्ये 'गुट्टा' म्हणतात, त्यावरून याचे नाव गटेट सोरायसिस. नीट चौकशी केली तर पुष्कळदा कळते की दोन-तीन आठवड्यांपूर्वी मुलाचा घसा जोरात सुजला होता. टॉन्सिलच्या दाहानंतर सोरायसिस येतो हे निरीक्षण १९१६ साली विनफील्ड या अमेरिकन डॉक्टरांनी प्रसिद्ध केले होते. दोषी जिवाणू म्हणजे स्ट्रेप्टोकोकस. रुमॅटिक तापामुळे आपल्याकडे हे नाव अनेक घरांना माहीत आहे. तिथेही घसा बरा होऊन जातो, आणि काही आठवड्यांनी शरीराची स्वतःचीच यंत्रणा हृदयाच्या झडपांवर उलटते.

सोरायसिसमध्ये ती त्वचेवर का उलटते? स्ट्रेप्टोकोकसच्या अंगावर 'एम' नावाचे प्रथिन असते. त्याच्या काही तुकड्यांची रचना आपल्या त्वचेतल्या केराटिन-१७ या प्रथिनाच्या तुकड्यांशी जुळते. टॉन्सिलमध्ये जिवाणूशी लढायला शिकलेल्या टी-पेशी रक्तातून त्वचेत पोहोचतात, तिथे तोच चेहरा पुन्हा दिसतो, आणि त्या आपल्याच माणसाला शत्रू समजतात. या नक्कलेवर रेकयाविकच्या वाल्दिमार्सन यांच्या गटाने पुष्कळ काम केले. २०१५ साली म्युनिकच्या संशोधकांनी सीडब्ल्यू६ च्या तबकात बसणारा आणखी एक स्वकीय नमुना दाखवला. तो त्वचेला रंग देणाऱ्या पेशींमधला आहे. सरपण आणि ठिणगी यांची गाठ इथे पडते. तबकाचा आकार वारशाने मिळतो, त्यात बसणारा नमुना ओळखायला टी-पेशी शिकतात त्या संसर्गातून. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात गटेट सोरायसिसच्या २९ रुग्णांची तपासणी झाली. सीडब्ल्यू६ सर्वच्या सर्व २९ जणांत निघाले. निरोगी लोकांत ते २० टक्क्यांत होते.

सलूनमधल्या वेगळ्या टॉवेलला खरे उत्तर इथे मिळते. समजा, एका घरात तीन मुले आहेत आणि तिघांनाही एकमेकांकडून घशाची लागण झाली. तिघेही खोकतात, तिघेही बरे होतात. तीन आठवड्यांनी एकाच्याच पाठीवर ठिपके उठतात. लागण घशाची होती, आणि ती केव्हाच संपली. ठिपक्यांत दुसऱ्याला देण्यासारखा जिवाणू नाही. घसा लागतो, सोरायसिस लागत नाही.

मग टॉन्सिल काढून टाकले तर? आइसलँडमध्ये यावर एक रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ साली आले. घसा धरला की चट्टे वाढतात असा अनुभव असलेले २९ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून १५ जणांचे टॉन्सिल काढले, १४ जणांचे ठेवले, आणि दोन वर्षे दोन्ही गटांकडे लक्ष ठेवले. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १३ जणांचा आजार ३० ते ९० टक्क्यांनी कमी झाला आणि तसा राहिला. निकाल लक्षणीय आहे, पण माणसे २९ च आहेत, आणि तीही निवडून घेतलेली. ज्यांच्या चट्ट्यांचा घशाशी संबंध दिसत नाही त्यांनी टॉन्सिल काढून काही साधेल असे यातून निघत नाही. नुसती प्रतिजैविके देऊन सोरायसिस आटोक्यात येतो हेही चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. घशाचा संसर्ग असेल तर त्यावर उपचार करायचा तो घशासाठी.

ठिणगी दरवेळी जिवाणूचीच असते असे नाही. ब्रेस्लाऊचे हाइनरिख कोबनर यांनी १८७२ साली दाखवले की सोरायसिसच्या रुग्णाला जिथे जखम होते, ओरखडा उठतो किंवा गोंदले जाते, तिथे नेमका नवा चट्टा येऊ शकतो. लिथियम, रक्तदाबावरची बीटा-ब्लॉकर औषधे, मलेरियावरचे क्लोरोक्विन यांनीही काहींचा आजार बळावतो. तापानंतर चट्टे वाढले तर दोष तापाचा की त्यावर घेतलेल्या गोळीचा, हे म्हणूनच पाहावे लागते. दारू, तंबाखूचा धूर, वाढते वजन आणि मनाचा ताण हे सरपणावर तेल ओततात. एचआयव्हीची लागण झाल्यावर तर सोरायसिस फार उग्र होऊ शकतो, आणि विषाणूवरचे औषध सुरू झाले की शांत होऊ लागतो.

भिंत जाड का झाली

या आजाराची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. भेगाळलेल्या, खपल्यांनी भरलेल्या त्वचेत जिवाणू माजायला हवेत. इसबामध्ये ते माजतातही. सोरायसिसच्या चट्ट्यात मात्र संसर्ग क्वचितच होतो. याचे कारण शोधताना कील विद्यापीठातल्या संशोधकांनी रुग्णांच्या शरीरावरून पडणाऱ्या खपल्या गोळा केल्या, आणि १९९७ साली त्यांतून माणसाच्या त्वचेत तयार होणारे एक प्रतिजैविक वेगळे काढले : बीटा-डिफेन्सिन-२. जे झाडून केरात टाकले जात होते त्यात जिवाणू मारणारे औषध होते.

दहा वर्षांनी, २००७ साली, नाण्याची दुसरी बाजू दिसली. एलएल-३७ हे असेच एक जिवाणूनाशक प्रथिन आपल्याच मेलेल्या पेशींच्या डीएनएला चिकटते, आणि विषाणू शिरला अशी आवई उठवते. २०१२ च्या एका अभ्यासात तर असे दिसले की एचआयव्हीला शरीरात आटोक्यात ठेवणारी जनुकांची काही रूपे सोरायसिसच्या रुग्णांत जास्त प्रमाणात आहेत. म्हणजे ज्याला आपण दुबळे रक्त समजतो ते खरे तर अतिसावध रक्त आहे. साथींनी माणसे पटापट मरत असण्याच्या काळात असा पहारेकरी उपयोगी पडला असावा, आणि म्हणूनच हा वारसा पिढ्यांतून पुसला गेला नसावा, असे अनेक संशोधकांना वाटते. हा तर्क आहे, पण 'घराण्यातला डाग' या शब्दप्रयोगापेक्षा तो वस्तुस्थितीच्या कितीतरी जवळ आहे.

गोव्याची भुकटी, परळची प्रयोगशाळा

सोरायसिसची बहुतेक औषधे दुसऱ्याच कशासाठी तरी वापरताना सापडली, आणि प्रत्येक औषधाने रोगाविषयी काहीतरी शिकवले. एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतात गजकर्णावर 'गोवा पावडर' नावाची पिवळसर तपकिरी भुकटी लावत. ती गोव्यातून येई म्हणून हे नाव. ती कशापासून बनते हे कोणी सांगत नसे. १८७० च्या दशकात ब्राझीलमधल्या बाहियाच्या सिल्व्हा लिमा या डॉक्टरांनी उलगडा केला : ही तर आमच्याकडची अरारोबा, एका जंगली झाडाच्या खोडात साचणारी भुकटी. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्यात आली आणि गोव्याची होऊन बसली. १८७६ च्या सुमारास लंडनमध्ये बाल्मॅनो स्क्वायर यांच्या एका रुग्णाने गजकर्ण समजून ती लावली. ते गजकर्ण नव्हते, सोरायसिस होता, आणि तो बरा होऊ लागला. भुकटीतला गुणकारी अंश म्हणजे क्रायसॅरोबिन. ते कपडे आणि कातडी रंगवून टाकी आणि आगही करी, पण काम करी. पहिल्या महायुद्धात जर्मनीला माल मिळेना, तेव्हा १९१६ साली तिथे त्याचा कृत्रिम भाऊ तयार झाला, डिथ्रॅनॉल. ते आजही वापरात आहे.

दुसरी वाट मुंबईतून जाते. लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली आणि परळच्या हाफकिन संस्थेतून कापडगिरण्यांतल्या गरीब गरोदर स्त्रियांच्या जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागली. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, या बायका सुधारतात हे तिने १९३१ मध्ये जाहीर केले. त्या अर्कातला अज्ञात घटक पुढे फोलिक आम्ल ठरला. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने फोलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवले, आणि मग त्याला विरोध करणारी, पेशींची वाढ रोखणारी औषधे. त्यांतले अमिनोप्टेरिन १९४८ मध्ये मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरले गेले. १९५१ साली गुब्नर यांनी ते सांधेदुखीच्या रुग्णांना दिले, तेव्हा एकाचा सोरायसिस मावळलेला दिसला. त्याचेच भावंड मेथोट्रेक्सेट. सत्तर वर्षे झाली, पण स्वस्त आणि भरवशाचे म्हणून ते आजही भारतातल्या डॉक्टरांच्या हाताशी असते. या गोळीसोबत वेगळ्या दिवशी फोलिक आम्लाची गोळी देतात. परळमध्ये माग काढलेला पदार्थ आता त्याच्या विरोधकाचा त्रास कमी करायला येतो. एक गोष्ट मात्र रुग्णाने आणि घरच्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी : मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. रोज घेतल्याने जीव गेले आहेत. दारू आणि गरोदरपण यांच्याशी त्याचे मुळीच जमत नाही.

मेथोट्रेक्सेट वाढ रोखते, म्हणजे दोष त्वचेच्या पेशींच्या वाढीत आहे, असे तेव्हा वाटे. १९७९ साली सायक्लोस्पोरिन या अवयवरोपणातल्या औषधाने सोरायसिस झपाट्याने ओसरला, तेव्हा विचार बदलू लागला, कारण हे औषध दाबते ते टी-पेशींना. अस्थिमज्जेच्या रोपणातही विलक्षण गोष्टी दिसल्या : सोरायसिस असलेल्या दात्याची मज्जा घेतलेल्याला तो झाला, आणि निरोगी मज्जा मिळालेल्याचा तो गेला. मूळ रक्तात आहे याचा याहून सरळ पुरावा कोणता?

तिथून पुढची औषधे नेम धरून बनवलेली आहेत. टीएनएफला अडवणारे एटानरसेप्ट अमेरिकेत सोरायसिससाठी २००४ मध्ये मान्य झाले, इंटरल्यूकिन-२३ च्या वाटेवरचे उस्टेकिनुमॅब २००९ मध्ये, इंटरल्यूकिन-१७ ला रोखणारे सेक्युकिनुमॅब २०१५ मध्ये. बंगळुरूच्या बायोकॉनचे इटोलिझुमॅब भारतात २०१३ मध्ये आले. जनुकांपासून औषधापर्यंतचा सर्वांत सरळ प्रवास पूमय सोरायसिसमध्ये दिसतो. २०११ साली ट्युनिशियातल्या काही कुटुंबांत इंटरल्यूकिन-३६ ला लगाम घालणारे जनुक बिघडलेले सापडले, आणि २०२२ मध्ये नेमक्या त्याच निरोपाला अडवणारे स्पेसोलिमॅब अमेरिकेत मान्य झाले. सीडब्ल्यू६ असलेल्यांना उस्टेकिनुमॅब काहीसे अधिक लागू पडते असेही आढळले आहे, पण फरक इतका नाही की प्रत्येकाची जनुकचाचणी करूनच औषध ठरवावे.

आपल्याकडचा पेच

या नेमक्या औषधांपाशी संसर्गाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि आपल्या देशात तो फार मोठा आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव भाग भारतात आहेत, आणि त्याहून कितीतरी जास्त लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निपचित पडून असतात. त्या जंतूंभोवती पेशींचा जो कोट उभा असतो तो टिकवण्याचे काम टीएनएफ करते. सोरायसिससाठी टीएनएफ अडवला की कोट ढासळू शकतो. २००१ साली इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० जणांना क्षय झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हापासून असे औषध देण्याआधी छातीचा एक्स-रे, मांटू किंवा रक्ताची इग्रा चाचणी, आणि कावीळ बी-सीची तपासणी करतात. निपचित क्षय सापडला तर आधी त्याचे प्रतिबंधक औषध सुरू करतात. इंटरल्यूकिन-१७ आणि २३ वरच्या औषधांत हा धोका बराच कमी दिसतो. १७ अडवल्यावर बुरशीचा त्रास मात्र होऊ शकतो, कारण बुरशीवर पहारा त्याचाच असतो. ज्या निरोपाला आपण गप्प करतो तो कोणत्या जंतूवर नजर ठेवून होता, हे आधी विचारावे लागते.

दुसरा पेच औषधाच्या दुकानात आहे. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच नळीत भरलेली मलमे आपल्याकडे गजकर्ण, इसब, सोरायसिस सगळ्यांवर सर्रास चोळली जातात. २०१८ साली सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी सवय गेलेली नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइडचे मलम हे सोरायसिसचे चांगले औषध आहे. पण पोटात किंवा इंजेक्शनातून घेतलेले स्टेरॉइड एकदम थांबले की साधे चट्टे अंगभर पसरून पू धरू शकतात, आणि रुग्ण दवाखान्यात भरती होतो. 'मुळापासून बरा' करणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत काय आहे हे रुग्णाला ठाऊक नसते, म्हणून त्या सर्वांत धोक्याच्या.

मुळापासून बरा करणारे औषध आज कोणाकडेही नाही, कारण मूळ जनुकांत आहे. पण वर्षानुवर्षे त्वचा स्वच्छ ठेवणारी औषधे आहेत, स्वस्तातलीही आणि महागातलीही. ती नीट निवडता यावीत म्हणून रुग्णाने त्वचारोगतज्ज्ञाला न विचारता सांगाव्यात अशा काही गोष्टी आहेत : पहिला चट्टा कितव्या वर्षी आला, त्याआधी घसा धरला होता का, घरात आणखी कोणाला आहे, सकाळी उठल्यावर सांधे आखडतात का, स्वतःला किंवा जवळच्याला कधी क्षय झाला होता का, आणि आजवर काय काय लावले, गिळले.

लग्नाच्या बोलण्यांत हा विषय लपवला जातो, आणि लपवल्यामुळेच तो मोठा होतो. तिथे ठेवण्यासारखा आकडा आपल्याकडे आहे : आईवडिलांपैकी एकाला असेल, तर दर शंभर मुलांतली शहाऐंशी सोरायसिसशिवाय आयुष्य काढतात. २९ ऑक्टोबरला जागतिक सोरायसिस दिन असतो, पुष्कळदा दिवाळीच्याच आगेमागे. उटणे लावायला त्या घरातल्या कोणाच्या पाठीवर हात फिरवावा लागला, तर तो खुशाल फिरवावा. फक्त हळू, कारण जिथे ओरखडा उठतो तिथे नवा चट्टा येतो.